व परिवार

हरिचंद खंदारे एस.टी.तून कंट्रोलर म्हणून रिटायर झाला, तरी विहाराचा माइक हातात आला की अजूनही गाडी सुटायच्या बेतात असल्यासारखाच बोले. वर्षावास संपत आला होता. दुसऱ्या दिवशी आश्विन पौर्णिमा. पौर्णिमेला विहारामागच्या अंगणात खिरीचे गंज, मोठाली पातेली, चुलीवर चढत, घरटी एक गंज, आणि कोणाकोणाचा गंज चढणार ते आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून साऱ्या गल्लीला कळत असे. प्रेमानंद पाईकराव ओट्यावर बशीत चहा ओतून बसले होते. आपलं नाव ऐकायला बसलो आहोत असं ते कुणाला म्हणाले नसते. पण दरवर्षी त्या वेळेला त्यांना ओट्यावरच चहा लागे. नाव आलं. 'आयुष्यमान प्रेमानंद नरसिंग पाईकराव व परिवार.' त्यांनी बशी उचलली. हरिचंदनं घसा खाकरला, आणि नांदेडची गाडी कळमनुरीमार्गे जाईल अशा थाटात पुढं म्हटलं, 'आयुष्यमती करुणा प्रेमानंद पाईकराव.' आणि थांबला. पुढं व परिवार नाही, काही नाही. मग तो दुसऱ्या कुणाच्या नावाकडे वळला. चहा लुंगीवर सांडला, पण तो गरम होता हे प्रेमानंदांना जरा उशिरानं कळलं.

अठ्ठावीस वर्षं पोरगी 'व परिवार'मध्ये राहत होती. ती जागा त्यांना बरी वाटत आली होती, दोन छोट्या शब्दांची, उबदार, आत बायको पंचफुला आणि करुणा, बाहेर दार लावून आपण. तिथून ती कधी निघाली, आणि दार वाजलं कसं नाही? आत जाऊन विचारायला हवं होतं, पण त्यांनी आधी लुंगी झटकली, बशी धुतली, खुंटीवरचा शर्ट काढून पुन्हा खुंटीला अडकवला. करुणा पलंगावर पाय घेऊन केसांना तेल लावत होती. तिनं बापाकडे पाहिलं, त्यांना काय विचारायचंय ते तिला कळलेलं होतं.

"हरिचंदमामाला मीच सांगितलं पप्पा. माझा वेगळा गंज."

"काहून? आपला हाय की."

"आपला हाय. माझा न्हाई." मग तेलाच्या बाटलीचं झाकण लावत, "अन् माझ्या गंजाला कुणी हात लावायचा न्हाई. मम्मीनंबी. तुमी तर न्हाईच न्हाई."

स्वयंपाकघरातून पंचफुला म्हणाली, "मी कशाला लावू बाई हात! मला माझाच जड झालाय." तिचा आवाज नको तितका आनंदी होता. म्हणजे तिला माहीत होतं. मग बाकीचंही त्याच वेळी बाहेर आलं: कळमनुरीच्या एका कॉलेजात करुणाला तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायचं काम मिळालं होतं, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं, आणि तिथं तिनं एक खोली पाहिली होती. प्रेमानंदांनी अगदी समजूतदार आवाजात सांगितलं की कळमनुरी काही लंडनला नाही, दर घटकेला गाडी आहे, जाऊन-येऊन करता येतं. "येतं," करुणा म्हणाली. "पण मला राहायचंय." तिनं असं म्हटलं आणि वेणी घालायला घेतली. तिनं आजवर बापाचा शब्द मोडला नव्हता. म्हणजे एका शब्दानं हे सगळं थांबवता आलं असतं, आणि शब्द साधा होता, 'थांब'. तो त्यांच्या तोंडात आला, जिभेखाली सुपारीसारखा राहिला. खीर होऊ दे, त्यांनी ठरवलं. मग बोलू. ठरवल्यावर माणसाला जसं बरं वाटतं तसं त्यांना वाटलं नाही.

तसं पाहिलं तर वेगळं निघण्याचा त्यांना अनुभव होता, फक्त माणसांचा नव्हता. हिंगोलीचा जिल्हा झाला तेव्हा परभणीच्या कचेरीची वाटणी झाली, आणि सहा टेबलं, दोन गोदरेजची कपाटं, एक कुरकुरणारा पंखा यांच्याबरोबर सीनियर क्लार्क प्रेमानंद पाईकराव नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आले. पेढे वाटले गेले, फटाके उडाले. आणि त्यानंतर पुष्कळ दिवस बारीकसारीक कामाला लोक परभणीचीच गाडी धरत. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेला पोरगा मीठ संपलं की आईकडं येतो तसं. याबद्दल जिल्ह्याला कुणी टोमणे मारले नाहीत. जिल्ह्याचं वय झालं, याचं काहीतरी बघा, असं कुणी म्हणालं नाही. करुणाबद्दल मात्र म्हणायचे. शेजारच्या टेबलावरचे विश्वंभर आप्पा, कळमनुरीकडचे, दहा एकर हळदीचे धनी, मनानं चांगले, रोज डबा उघडतानाच सुरू होत. "पाईकराव, पोरगी काय करून राहिली सध्या?" "शिकून राहिली." "अजून?" प्रेमानंदांना या 'अजून'ची चटक लागली होती. आप्पा तो शब्द असा लांबवत की त्यात अर्धी चपाती मावावी. "आमची वैष्णवी दोन लेकरांची माय झाली. तुमची पोरगी शाळेतून कवा निघायची?" "बघू," प्रेमानंद म्हणत. "घाई कुठं हाय?" आणि घाई नाही हे म्हणताना त्यांच्या छातीत जे काही होई ते, दुसऱ्या एखाद्या माणसाला प्रमोशनच्या ऑर्डरीवर सही पाहून होत असेल.

ही चटक आप्पांना समजणं शक्य नव्हतं. आप्पांच्या घराण्यात लहानपण होतं. आजोबा आंब्यावर चढल्याच्या, काका विहिरीत मुटके मारल्याच्या गोष्टी ते सांगत. प्रेमानंदांनी एकदा आपल्या बापाला, नरसिंगला, विचारलं होतं, दादा, तू लहानपणी काय खेळायचास? गावी, कुरुंद्याच्या घरासमोर बाप दोरी वळत बसला होता. त्यानं दोरी थांबवली, प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, आणि विचारलं, "कवा?" चेष्टा म्हणून नव्हे. त्याला खरंच कळेना की पोरगं कुठल्या काळाबद्दल विचारतंय. नीट चालता यायला लागलं तसं त्याला तातेराव पाटलाच्या गुरांमागं घातलं होतं. गुरांमागून तो नांगरामागं गेला, नांगरामागून सालावर, आणि मधे कुठं काही पडलेलं नव्हतं. प्रेमानंदांची माय, सोजराबाई, मांडीवर झोपलेली असताना तिचं लग्न लागलं. जागी झाली ती सून म्हणून. तिची पहिली आठवण बाहुलीची नव्हती, हळद शिजवायच्या काहिलीची होती. वाफ, तिखट पिवळा वास, आणि कुणीतरी मागून म्हणतंय, हलव, हलव.

आणि स्वतः प्रेमानंद. बहात्तरच्या दुष्काळात शाळेच्या वह्या पिशवीत घालून ते सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला खडी फोडायला गेले, तेव्हा मुकादमानं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि कामावर पोरं घ्यायची मनाई असल्यामुळं त्यांचं वय अठरा लावलं. मिसरूड फुटायच्या आधी सरकारदरबारी ते सज्ञान झाले. ती सज्ञानता त्यांना पुढं कधी परत करता आली नाही. औरंगाबादला कॉलेजात होते तेव्हा वसतिगृहातली मुलं संध्याकाळी पतंग उडवायची, वयानं यांच्यापेक्षा मोठी, मिशावाली. प्रेमानंद गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहत आणि त्या मुलांकडे एखाद्या काकानं पाहावं तसं पाहत. एकानं मांजा हातात दिला. त्यांनी तो गुंडाळून, नीट गाठ मारून, परत दिला. पतंगाचं काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. हाताला माहीत नव्हतं. मग लग्न, नोकरी, करुणा.

करुणा झाली तेव्हा त्यांनी काही ठरवलं वगैरे नव्हतं. दवाखान्यात पंचफुलाशेजारी ते लाल गाठोडं पाहताना एवढंच वाटलं की हिला कुठंही जायचं नाहीये. कुणाच्या गुरांमागं नाही, खडीवर नाही. हिला नुसतं असायचंय. हा विचार त्यांना इतका चैनीचा वाटला की त्यांनी दाराकडं पाहून घेतलं. त्यानंतर त्यांनी ती चैन केली, दुसरे लोक दारू पितात तशी, नेमानं. पोरगी सात वर्षांची झाली तरी शाळेचं दप्तर त्यांच्याच खांद्यावर. दहावीला गेली तरी दुधाचा पेला तेच फुंकून देणार. चुलीपाशी तर फिरकूच द्यायचे नाहीत. पंचफुला वैतागायची, "पोरगी हाय का काचेचं सामान? उद्या भाकर कुणी थापावी हिला?" "कुणीबी थापल," प्रेमानंद म्हणायचे, आणि कधीकधी स्वतःच थापायचे, खडीवर तयार झालेले हात होते, भाकरी झकास गोल यायची. बी.एस्सी. झालं. नांदेडला एम.एस्सी. झालं, बी.एड. झालं, मग कसल्याकसल्या परीक्षांची तयारी, ती परीक्षा पुढं गेली, दुसरी आली. गल्लीतल्या बाया पाण्याला थांबल्या की म्हणत, पाईकरावाची पोरगी लग्नाची न्हाई, नोकरीची न्हाई, मग हाय तरी कशाची? प्रेमानंद सायकल हातात धरून जवळून जात आणि मान हलवून नमस्कार करत. काही कामाची नसलेली पोरगी. सात पिढ्यांत पहिली. बापाला जमली नाही, आज्याला जमली नाही अशी ही गोष्ट आपण हिंगोलीत, क्लार्कच्या पगारात, करून दाखवली, हे त्या बायांना कसं सांगणार? राजांच्या घरात होतं असं म्हणतात. पण राजांनाही पोरी लवकर द्याव्या लागत.

आता मात्र ती खोली घेणार होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांचं चित्त लागेना. आप्पांनी डबा उघडला, लोणच्याचा वास आला, आणि नेहमीचा प्रश्न आला तेव्हा प्रेमानंद म्हणाले, "नोकरी लागली तिला. तुमच्या गावी."

"आँ?" आप्पांचा घास हातातच राहिला. "मग तर लई बेस झालं की! सुटले तुमी."

सुटलो. प्रेमानंदांनी तो शब्द तपासून पाहिला. विश्वंभर आप्पा खरोखर खूश झाले होते. त्यांनी आपल्या डब्यातली दाण्याची चटणी न मागता वाढली. आपल्या हातातून काहीतरी काढून घेतलं जातंय आणि वर लोक चटणी वाढताहेत, असं प्रेमानंदांना वाटलं. दुपारभर त्यांच्या मनात एक चोरटी, लाजिरवाणी आशा फिरत राहिली. गंज मोठा, दूध पुष्कळ, आणि तिनं आयुष्यात चहापलीकडं काही उकळलेलं नव्हतं. तिला जमणार नाही. आणि जमलं नाही की ती आपसूकच बघेल आपल्याकडं, लहानपणी सायकलवरून पडली की रडायच्या आधी बघायची तशी. मग 'थांब' म्हणायची गरजच पडायची नाही.

विहारामागं पाच वाजताच धूर दाटला होता. तीन-तीन दगडांच्या चुली ओळीनं, वर गंज, प्रत्येकापाशी एक घर. पांढऱ्या साड्या खोचलेल्या बाया, लाकडं पुढं सारणारे पुरुष, दुधाचा गोड दमट वास. पंचफुलाचा गंज ओळीत मधे, तिची पळी न बघता फिरत होती, तोंड शेजारणीशी बोलत होतं. आणि अगदी टोकाला, निंबापाशी, करुणा एकटी. तिनं ओढणी कंबरेला बांधली होती. जाळ मोठा होता. प्रेमानंदांना दहा पावलांवरून कळलं की जाळ मोठा आहे; त्यांच्या पायांना कळलं, पाय त्या दिशेला निघालेसुद्धा. "पाईकराव, इकडं," हरिचंद म्हणाला, "तुमी उभं ऱ्हाऊन काय करता? पंगतीत बसा. दाता म्हणून आलेत, आचारी म्हणून न्हाई." ते बसले. चटईवर, मांडी घालून, हात गुडघ्यावर. लाकूड मागं ओढ. एकच लाकूड. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप आत वळला, लाकूड धरल्यासारखा. ती तांदूळ हलवत होती, पण वरवर. पळी बुडाला टेकतच नव्हती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. उष्णता कशी चढते, कुठून कुठं जाते, हे सारं तिनं कळमनुरीच्या पोरांना फळ्यावर छान सांगितलं असतं. पण पळी बुडाला टेकवायची असते हे कुठल्या वर्षाला होतं?

आणि मग तो वास आला.

आधी बारीक, धुरात मिसळलेला, पाठोपाठ निखळ. खालून लागलेलं दूध. तो वास एकदा आला की लपत नाही. पंचफुलानं मान वळवली, नवऱ्याकडं पाहिलं, आणि मान परत आपल्या गंजात घातली. सून म्हणून जाग्या झालेल्या सोजराबाईच्या हातून एकदा भाकर करपली होती. सासूनं ती भाकर फेकली नाही. तव्यासकट पोरीच्या दंडाला लावली, आणि भाकर मग तिलाच खायला दिली, कारण पीठ पाटलाकडून आलेलं होतं. तो डाग प्रेमानंदांनी लहानपणी बोटानं चाचपून पाहिला होता, गुळगुळीत, बाकीच्या कातडीपेक्षा मऊ. त्यानंतर त्या घरात कधी काही करपलं नाही. सोजराबाईनं नाही करपवलं, पंचफुलानं नाही, त्यांनी स्वतः नाही. सगळे चुलीपाशी डोळ्यांत तेल घालून. करपवायला स्वतःचं पीठ असावं लागतं, स्वतःचं दूध, आणि दंडाकडं कुणी येणार नाही याची खात्री. प्रेमानंद चटईवर ताठ झाले. वास आता साऱ्या पंगतीवर पसरला होता, बायका नाकाला पदर लावत होत्या, आणि त्यांना आपल्या चेहऱ्यावर काहीतरी हलतंय असं वाटलं. हात लावून पाहिलं तर ते हसू होतं. दुपारपासून ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. पोरीला जमलं नव्हतं. आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिनं ओढणीच्या टोकानं गंज धरला, एकटीनं, वाकडा होत होता तरी, उचलून खाली घेतला, वरची खीर दुसऱ्या पातेल्यात ओतायला लागली, आणि मधेच हाताला चटका बसला तेव्हा तिनं हात झटकला, तोंडात घातला, पुन्हा पळी उचलली. इकडं तिकडं न बघता.

शेजारी बसलेले म्हातारे देवबा, ज्यांना गल्लीत कुणी गप्प करू शकलं नव्हतं, वाकून म्हणाले, "काय हो पाईकराव, येवढं शिकवलं पोरीला, खीर न्हाई शिकवली?"

"न्हाई शिकवली," प्रेमानंद म्हणाले.

"काहून?"

"लहान होती."

देवबांनी करुणाकडं पाहिलं, तिच्या उंचीकडं, चष्म्याकडं, मग बापाकडं. "कवापातुर?"

"काल संध्याकाळपातुर," प्रेमानंद म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी माना वर केल्या. देवबांना काही कळलं नाही. पण माणूस एवढ्या ऐटीत बोलतोय म्हणजे काहीतरी मिळवलं असणार, अशा समजुतीनं त्यांनी मान डोलावली.

त्रिशरण, पंचशील झालं. साधु, साधु, साधु. द्रोण मांडले गेले. वाढपी आले, आणि बघता बघता गंजांचे दोन भाग पडले: ज्यांची खीर लोक मागत होते, आणि करुणाची. ती पातेलं कंबरेवर घेऊन पंगतीच्या तोंडाशी आली. पहिला द्रोण देवबांचा होता, दुसरा बापाचा. देवबांना तिनं न बोलता वाढली. ते चाखून नुसते 'हं' म्हणाले. मग ती प्रेमानंदांपाशी वाकली, वाढलं, आणि तिथंच थांबली. कपाळावर राख होती. बोटाच्या पेरावर फोड उठत होता.

"कशी झाली पप्पा?"

आजवर या प्रश्नाला एकच उत्तर होतं. शेळीसारखा दिसणारा हत्ती काढून दाखवला तेव्हा, भाषणात मधेच विसरली तेव्हा, एका परीक्षेत नापास होऊन पेपर तरी बरा लिहिला होता का असं विचारलं तेव्हा. दरवेळी ते म्हणत, एक नंबर. ते उत्तर आताही तयार होतं. त्याला वीस-पंचवीस वर्षांची सवय होती, ते स्वतःच ओठांवर चालत आलं. त्यांनी द्रोण तोंडाला लावला. गोड होती. गोडाच्या खाली करपट, धुरकट, जिभेला चिकटणारी चव होती. पोरगी वाकून उभी होती आणि उत्तराची वाट पाहत होती, एखाद्या मोठ्या माणसानं मोठ्या माणसाच्या मताची पाहावी तशी.

"खालून लागली," ते म्हणाले. "जाळ मोठा होता. अन् पळी बुडाला टेकवली न्हाईस."

पंचफुला तिकडून ऐकत होती. तिनं पळी थांबवली. करुणाच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी आलं. सायकलवरून पडल्यावर यायचं तेच की काय, त्यांना नीट ओळखता आलं नाही, कारण ते लगेच गेलंही.

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी तसंच वाटलं."

आणि ती पुढच्या द्रोणाकडं सरकली. तिथं वाकली, आणि आता न विचारताच म्हणाली, "मामा, खालून लागली हाय जरा. वाढू का?" "वाढ की," तो माणूस म्हणाला, आणि द्रोण पुढं केला. त्याच्या पुढच्या बाईला, "मावशी, लागली हाय जरा, वाढू?" "वाढ माय, दूधच हाय ते." मग तिच्या पुढं. मग वळणावरून दुसऱ्या रांगेत. प्रेमानंदांनी बोटानं द्रोण निपटून घेतला. त्यांची मान वळली नाही. ऐकूनच कळत होतं ती कुठवर गेली ते. लागली हाय जरा, वाढू का. तिचा आवाज लांब लांब जात होता, धुराच्या पलीकडं, भिंतीकडच्या टोकाच्या माणसांपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून, खरं तेच सांगून, पुढं निघत होता.